लवकरराव आणि अडून बसलेलं फोल्डर

आमच्या ऑफिसात इमारतींचे नकाशे काढणाऱ्या या गृहस्थांना सगळे लवकरराव म्हणतात, अगदी तोंडावरसुद्धा. नोकरीच्या मुलाखतीला ते आदल्या दिवशीच हजर झाले होते. माझ्या मुलीच्या लग्नाला पोचले तेव्हा नवरी अजून झोपेतच होती. मी मालकीण, पण रोज सकाळी तेच मला दार उघडतात आणि "या, या" म्हणतात, जणू मीच पाहुणी. याचा मला भारी राग येतो. पण जिना काढावा तर त्यांनीच! चढणाऱ्याचं पाऊल कुठे पडेल, हे त्यांना कागदावरच दिसतं.

मध्यंतरी मी नवा सर्व्हर घेतला, म्हणजे सगळ्यांच्या फायली एका जागी ठेवणारा कॉम्प्युटर. तो चालतो लिनक्सवर, माझा मॅक, बाकीच्यांचे विंडोजवर. तीन तऱ्हांच्या जावा एका घरात नांदवायच्या, म्हणून मी जरा धास्तावलेच होते. पण सामाईक फोल्डर पहिल्याच दिवशी सगळ्यांना उघडलं. फक्त लवकररावांना नाही. त्यांनी पासवर्ड घातला की एकच उत्तर : प्रवेश नाही.

काही दिवस ऑफिसातल्या पोरांनी त्यांना पेनड्राइव्हवर फायली आणून दिल्या. त्याचीच त्यांना लाज वाटायची. एका दुपारी बघते तर ते टेबल आवरतायत.

"हे काय चाललंय?"

"बाई, आमची सद्दी संपली. यंत्राला कळलं, मग आपल्याला नको कळायला? पाच वाजले की निघतो. उद्यापासून येत नाही."

"एका फोल्डरपायी? डोकं ठिकाणावर आहे ना?" मी ओरडले. ऑफिस म्हणजे एक टेबल नि दोन खुर्च्या होतं, तेव्हापासून हा माणूस माझ्याबरोबर आहे.

मी तडक वन्संना फोन लावला. माझी ही नणंद नेटवर्क दुरुस्तीची कामं करते. ती हेल्मेट काढायच्या आधीच केबल तपासायला लागली. केबल ठीक. पासवर्ड पुन्हा घातला. प्रवेश नाही. मग तिने लवकररावांना शेजारच्या मशीनवर बसवलं. तोच पासवर्ड, आणि फोल्डर उघडलं! त्यानंतर तिने स्वतःच्या नावाने त्यांच्या मशीनवरून शिरून पाहिलं. तिलाही मज्जाव.

"काका, खोट तुमच्यात नाही, मशीनमध्ये आहे," ती म्हणाली. लवकररावांचे आवरणारे हात थांबले.

मग तिने सर्व्हरवरच्या नोंदी उघडल्या आणि हसतच सुटली. "वहिनी, हा म्हणतोय, हे गृहस्थ भविष्यातून आलेत! दोन्हीकडची घड्याळं जुळली नाहीत तर तो पासवर्ड मानतच नाही. काका, तुमचं घड्याळ किती पुढे आहे हो?"

लवकरराव चक्क लाजले. "आधी दहाच मिनिटं होतं. पण मग मनात यायचं, अजून दहा मिनिटं आहेत की. म्हणून आणखी पुढे केलं. मग तेही लक्षात राहायला लागलं..."

असं करत करत स्वारी पाऊण तास पुढे गेली होती. मशीन स्वतःहून वेळ जुळवतं, ती सोयही त्यांनी बंद करून टाकली होती. जुना सर्व्हर हे सगळं चालवून घ्यायचा, माझ्यासारखाच.

"आणि फसवायचं कुणाला, तर स्वतःलाच!" मी म्हटलं.

वन्संनी ती सोय चालू केली. पाचाला टेकलेले आकडे टुणकन सव्वाचारांवर आले. पाठोपाठ फोल्डर उघडलं, आत दवाखान्याचा अर्धवट नकाशा.

पिशवी खांद्याला लावून लवकरराव पडद्याकडे बघत राहिले. "म्हणजे पाच नाही वाजले अजून?"

"नाही."

"मग हा जिना तेवढा बघतो. पायऱ्या बघा केवढ्या उंच घेतल्यात पोरांनी! पेशंट धडधाकट असला तरच वर पोचेल." आणि पिशवी खाली ठेवून ते बसले.

मला इतका आनंद झाला की काही कारण नसताना मी सगळ्यांना कामाला लागा म्हणून दटावलं. पाच वाजले. सहा वाजले. पोरं घरी गेली. मी दिवे मालवायला लागले तरी यांची मान वर होईना. तेवढ्यात त्यांच्या बायकोचा फोन आला.

"अहो, आमचे हे निघाले का? एवढ्या वर्षांच्या संसारात मला कधी यांची वाट बघावी लागली नाही हो."

"आता सवय करून घ्या," मी म्हटलं. "उद्याही बघावी लागेल."