डोळ्यांचा पुरावा

लग्न होऊन मी इतवारीत सासरी आले आणि महिन्याभरातच सासूबाईंची अब्रू धोक्यात आली. कारण माझे डोळे. सकाळी उठले की डोळ्यांखाली पुऱ्या फुगलेल्या. उन्हं वर येईपर्यंत त्या आपोआप उतरायच्या, पण गल्लीतल्या नळाला पाणी यायचं पहाटे. नळावरच्या बायकांनी मला पाहून निकालच लावून टाकला: सून रात्रभर रडते, म्हणजे सासू छळते.

खरं म्हणजे मी रात्री ढाराढूर झोपत असे, तेही दोन पापड आणि लोणच्याची जादा फोड खाऊन. सासूबाई तोंडाच्या फटकळ, पण मला कधी टाकून बोलल्या नाहीत. आता मात्र त्या हात धुऊन माझ्या डोळ्यांच्या मागे लागल्या. रात्रीचं पापड-लोणचं बंद झालं, डोक्याखाली दोन उशा आल्या, उठल्या-उठल्या डोळ्यांवर माठातल्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याची गार घडी. फुगवटा थोडा कमी झाला, पण गेला नाही. शिवाय मी नळावर निघाले की बजावायच्या, "हासत जाय वं. दात दिसू दे लोकाइले."

मी हसत गेले. बायका जास्तच हळहळल्या. "पाहा वं, किती सोसून राहिली पोरगी. वरून हासते."

शेवटी मला डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, "झोपेत तिथे पाणी साचतं, खारट खाल्लं की वाढतं. उशा राहू द्या. काहींच्या तर घराण्यातच असतं. हिच्या आईचे डोळे कसे आहेत?"

अगदी असेच, मी म्हणाले. सासूबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी लगोलग वर्ध्याला निरोप धाडून आईला बोलावून घेतलं.

आई आली, रात्री झोपली. सकाळी तिला तोंडही धुऊ न देता सासूबाईंनी थेट नळावर नेऊन उभं केलं.

"पाहा, हे तिच्या मायचे डोळे. हिले कोन रडवते? हिची सासू तर कवाचीच गेली."

बायकांनी जवळ येऊन नीट पाहिलं. त्यांतल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईनं पाण्यानं भरलेला पितळी गुंड खाली ठेवला आणि आईच्या पाठीवरून हात फिरवला.

"रडू नका, बाई. लेकीचे हाल मायले पाहवत नाही. समजते आमाले."

घरी येऊन सासूबाई उंबऱ्यातच बसल्या. मला त्यांची फार दया आली. त्या म्हणाल्या, "सूनबाई, आता एक दिवस खरंच रडून घे. फुकटची बदनामी काहून सोसू मी?"