बदली पाहुणे

पाहुणेकाकांना फुटबॉलमधलं काही म्हणजे काहीच कळत नसे. ऑफसाइड कशाशी खातात हे त्यांनी कधी विचारलंही नाही. मैदानात गोल होत असे तेव्हा ते मैदानाकडे पाठ करून उभे असत आणि समोरच्या बाकांवर कोण टाळ्या वाजवतंय, कोण नुसतंच बसलंय, ते बघत. तरीही अख्ख्या मोसमात त्यांची एकही मॅच चुकली नाही. खरं आडनाव परब, पण त्या नावाने त्यांना फक्त माझ्या सासूबाई हाक मारत.

अंधेरी पूर्वेच्या आमच्या गावठाणात, चर्चच्या मागे, एक मैदान होतं. कुठल्याशा निवडणुकीच्या आधी एका उमेदवाराने त्याच्या एका बाजूला चार सिमेंटच्या पायऱ्या बांधून दिल्या. तो पडला, पायऱ्या राहिल्या, आणि तेव्हापासून आम्ही सगळे त्याला स्टेडियम म्हणू लागलो. टीममध्ये निम्मी गावठाणातली ख्रिश्चन मुलं, निम्मी आमच्या चाळीतली कोकणी. घरच्या प्रेक्षकांनी पायऱ्यांवर बसायचं. समोर झाडाच्या सावलीत शाळेची दहा बाकं, ती पाहुण्या टीमबरोबर आलेल्या माणसांसाठी. ही वाटणी काकांची. घरच्यांनी उन्हात आणि पाहुण्यांनी सावलीत बसायचं, यात बोलण्यासारखं काय आहे हेच त्यांना समजत नसे.

अडचण एवढीच होती की पाहुणे येत नसत. रविवारी सकाळी माहुलहून किंवा मुलुंडहून दोन बस बदलून परक्या टीमचं मैदान गाठायची हौस कोणाला? टेम्पोतून टीम यायची, पाण्याचा कॅन यायचा, बस्स. इकडे पायऱ्यांवर लोक एकमेकांच्या मांडीवर, आणि तिकडे दहा बाकं रिकामी. घरचं कोणी तिथे टेकलं की काका त्याला उठवायचे.

काका गिरणीत होते. पहिली सात वर्षं बदली कामगार, म्हणजे कायमचा माणूस आला नाही की त्याच्या साच्यावर, कापडाच्या मागावर, काका उभे. साचा रिकामा ठेवायचा नाही, हे त्यांच्या अंगात भिनलं होतं. पुढे गिरणी बंद पडली आणि काकांनी तोच नियम बाकांना लावला. पाहुणे गैरहजर? मग बदली पाहुणे भरा.

रविवारी सकाळी ते चाळीत फिरून माणसं नेमत. नेमणुकीला कारण लागायचं, उगाच कोणालाही घेत नसत. सुरुवातीला कारणं धड होती. ज्याची आत्या माहुलला दिलेली, तो माहुलकडून. मग कारणं पातळ होत गेली. पवईच्या इंजिनिअरिंगच्या मुलांची टीम आली तेव्हा शेजारच्या बाळूभाऊजींना उचललं, कारण ते मुलाला इंजिनिअर करणार असं एकदा बोलले होते. मुलगा तेव्हा पाळण्यात होता. पार्ल्याच्या टीमला माणसं कमी पडली तेव्हा काकांनी चहात बिस्किट बुडवत बसलेल्या एकाला सरळ विचारलं, "चायवांगडा बिस्किटां खातंस मा? खंयची ती? मगे ऊठ, चल."

मी लग्न होऊन मुलुंडहून आले त्याला जेमतेम महिना झाला होता. आमचे हे टीमचे कॅप्टन, लेफ्ट बॅक खेळायचे. पहिल्यांदाच मॅच बघायची म्हणून नवी साडी नेसून सासूबाईंच्या शेजारी पायरीवर बसले, तर काका पुढ्यात उभे.

"तुझा म्हायार मुलुंड मा गो? आज मुलुंडची टीम आसा. थंय बस."

"अहो परब, ती आता आमची," सासूबाई म्हणाल्या.

"आसांदे. दुपारपासून तुमची."

महिनाभर मी त्या घरात दबकूनच वावरत होते. चहात साखर किती घालायची हेसुद्धा विचारून घालायचे. त्या बाकावर बसले, मुलुंडने गोल केला, आणि मी अशी ओरडले की माझं मलाच नवल वाटलं. चाळीने माझा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. काका गोलकडे पाठ करून माझ्याकडे बघत होते. "झकास," म्हणाले. मला फार बरं वाटलं.

बदली पाहुण्यांचं एक होतं, काम अंगावर घेतलं की चोख करायचे. बाळूभाऊजींचा सख्खा भाऊ आमचा गोलकीपर. पवईच्या मॅचला भाऊजींनी त्याला भर मैदानात "आंधळा आहेस काय रे?" म्हणून विचारलं. दोघं आठवडाभर एकाच खोलीत पाठीला पाठ लावून जेवले. पुढे तर पायऱ्या ओस आणि बाकं गच्च अशी वेळ आली. लोक आपणहून नेमणूक मागू लागले. एकाने सांगितलं, मला माहुलला एकदा कुत्रा चावलाय. काकांनी त्याला परत पाठवलं. कुत्रा चावलेला माणूस मनापासून ओरडणार नाही, असं त्यांचं मत पडलं.

त्या मोसमात आम्ही घरच्या मैदानावर पाच मॅच हरलो. आमचे हे तडक क्लबच्या सेक्रेटरीकडे, पास्कलमामांकडे गेले. "मामा, वाट लागली टीमची. आपल्याच ग्राउंडवर मी आपल्याच बायकोच्या शिव्या खातोय." शिव्या मी दिल्या नव्हत्या. "लेफ्ट बॅककडून जा, तिकडे मोकळं आहे," एवढंच मुलुंडवाल्यांना ओरडून सांगितलं होतं.

पास्कलमामांना कोणाचंच मन मोडवत नसे. त्यांनी तोडगा काढला. मोसमातली शेवटची मॅच पुन्हा मुलुंडशीच होती. ती आपण जिंकली तर बाकं राहतील, हरलो तर शाळेत परत जातील. आता आली का पंचाईत? बाकं टिकावीत असं ज्याला ज्याला वाटत होतं, तो तो त्या रविवारी बाकं सोडून पायरीवर येऊन बसला आणि घसा फोडून आपल्या टीमच्या नावाने ओरडू लागला. बाळूभाऊजी पहिले. मीही त्यांच्यातच होते. बाकांपाशी एकटे काका.

ते मैदानाला वळसा घालून माझ्याकडे आले.

"काका, आजच्या दिवस राहू दे ना," मी म्हटलं. "जिंकलो तर बाकं कायमची राहतील."

"पावण्यांक टाळी नाय," ते म्हणाले, "मगे बाकां होयी कित्याक गो?"

टाळीशिवाय नुसती बाकं कशाला, हे खरंच होतं. मी उठले. सासूबाईंनी पदर धरला होता, तो सोडवून घेतला आणि दहा बाकांपैकी पहिल्यावर जाऊन बसले. मनातून देवाला सांगत होते की आमचे जिंकू देत, आणि तोंडाने ओरडत होते, "चलो मुलुंड!" देवाने काय करायचं? त्याने तोंडाचं ऐकलं. मुलुंडने एक गोल केला. मी टाळ्या वाजवल्या. अख्ख्या मैदानात तेवढा एकच आवाज होता. ह्यांनी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि नंतर तीन दिवस अजिबात पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाकं शाळेत गेली. प्रत्येक बाकाचं एक टोक काकांनी स्वतः धरलं होतं. मे महिन्यात त्यांनी खोली सोडली आणि ते कायमचे गावी गेले. जाताना कोणावर रागावले नव्हते. मला मात्र सगळ्यांचा राग आला होता, सर्वांत जास्त ह्यांचा.

पुढच्या मोसमात माहुलची टीम आली. झाडाखाली नुसती सावली. त्यांच्या एका मुलाने ह्यांना चकवून सुरेख गोल केला, हात वर केला आणि इकडेतिकडे बघितलं. सगळं मैदान चिडीचूप. त्याने हात खाली घेतला. तेवढ्यात टाळी ऐकू आली. टाळी वाजवत होता आमचा लेफ्ट बॅक.

"अरे, तू कोणाच्या बाजूने रे?" पास्कलमामा ओरडले.

"कोणीच वाजवेना, मामा!" हे म्हणाले आणि खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसले. नाडी बांधलेलीच होती.

मी हे सगळं काकांना कळवलं. पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. "तुझ्या यजमानांचे कौतुक वाटले. परंतु खेळाडूने खेळावे. टाळीसाठी माणूस नेमावा. तू त्या वेळी कोठे बसली होतीस?"

मी पायरीवर बसले होते, हाताची घडी घालून. वाचून मान खाली गेली. महिनाअखेरीला पवईची टीम येणार होती. मी त्याच संध्याकाळी चाळीत फिरले, कारणं काढली, सहा माणसं नेमली, सातवी मी, आणि काकांना तसं लिहिलं. उत्तर आलं ते त्यांच्या पुतण्याच्या अक्षरात. माझं पत्र पोचायच्या आदल्या दिवशी काका गेले होते. मी खूप रडले.

रविवारी आम्ही सातजण झाडाखाली वर्तमानपत्रं पसरून बसलो. पवईवाल्यांना त्या दिवशी काही म्हणजे काही जमेना. गोल सोडाच, बॉलसुद्धा धड पायाशी राहत नव्हता. अर्धा तास आम्ही टाळीसाठी हात तयार ठेवून बसलो. शेवटी बाळूभाऊजींनी हळूच विचारलं, "वहिनी, टाळी वाजवायची तरी कशाला?"

"त्यांना थ्रो-इन मिळालाय," मी म्हटलं. "वाजवा."