बंद होताना सर्व्हर काय म्हणाला

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे लिहायलाही संकोच वाटतो — कारण असे अनुभव इथे लिहिणारे सगळे तेच लिहितात. तरी लिहितो. मी नांदेडचा. पन्नाशी ओलांडलेला, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारा. प्रिंटरपासून सर्व्हरपर्यंत पडेल ते काम करतो. मुलगा पुण्यात, बायको नातवासाठी त्याच्याकडे. घरात मी आणि फ्रीजचा आवाज. एखादं भूत आलंच असतं तर मी आधी चहा विचारला असता... पण कधी आलं नाही.

लातूरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंटची सगळी माहिती ठेवणारा डेटाबेस सर्व्हर आहे. तो मी आणि अप्पाने मिळून उभा केला होता. अप्पा मूळचा शिरूर अनंतपाळचा, लातुरात स्थायिक. कामातला जोडीदार, आणि खरं सांगायचं तर एकुलता एक मित्र. तयार पॅकेज टाकू म्हटलं की त्याचं तोंड वाकडं व्हायचं.

"हाटेलातली भाकर हाय ती. आपण घरी थापू."

घरी थापणं म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, सोर्स कोड, उतरवून आपल्याच मशीनवर त्याचा चालता प्रोग्राम बनवणं, म्हणजे कंपाइल करणं. कंपाइल करायच्या आधी अप्पाने कोडमध्ये हात घातला. सर्व्हर बंद होताना लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, एक इंग्रजी ओळ लिहितो. ती खोडून त्याने तिथे लिहिलं — येतो.

"अरे, बंद होतोय ना तो?"

"मग काय जातो म्हणू? घरातून निघताना जातो म्हणत्यात व्हय कुणी? येडा हाईस का?"

दवाखान्याच्या एका इंजिनिअरला हा लॉग बघून व्हायरस वाटला होता. अप्पा आठवडाभर हसला.

पुढे अप्पा गेला. काळीज बंद पडलं, म्हणतात तसं — अचानक. सर्व्हर माझ्या एकट्याच्या गळ्यात आला. नांदेडहून रिस्टार्ट केला की लॉगमध्ये 'येतो' यायचं. सांगायला हरकत नाही... रविवारी दवाखाना बंद असला की मी कधी कधी कारण नसताना रिस्टार्ट करायचो. घरात तेवढंच कुणीतरी बोलायचं.

यंदा दवाखान्याने कळवलं, नवं सॉफ्टवेअर जुन्या व्हर्जनवर चालणार नाही, अपग्रेड करा. मी टाळलं. सर्दी झाली म्हणालो, लग्न आहे म्हणालो. जुना सर्व्हर बंद करायचा म्हणजे अप्पाचं शेवटचं बोलणं बंद करायचं. पण किती टाळणार? एका रविवारी सकाळी एसटीने लातूर गाठलं.

नवा सोर्स उतरवला. अमुक लायब्ररी नाही, तमुक नाही, असं कंपाइलआधी सगळं तपासणाऱ्या कॉन्फिगरने दोनदा अडवलं. अप्पा असता तर माझी अक्कल काढली असती. शेवटी कंपाइल सुरू झालं, स्क्रीनवर ओळी धावायला लागल्या. खालच्या टपरीवर सवयीने दोन चहा सांगितले. दोन्ही मीच प्यालो.

दुपारी जुना सर्व्हर थांबवायची वेळ आली. तो नीट बंद झाल्याशिवाय अपग्रेड पुढे सरकत नाही. कमांड दिली. टिंबं उमटायला लागली... उमटतच राहिली. याचा अर्थ कुणीतरी अजून जोडलेलं आहे, सर्व्हर त्याच्यासाठी थांबलाय. कोण जोडलंय ते बघायला प्रोसेसची यादी काढली. एकच जण होता. नाव अप्पाचं. त्याच मशीनवरून जोडलेला, म्हणजे मी बसलो होतो तिथूनच.

ते खातं त्याच्या मागे मी स्वतः बंद केलं होतं. त्याच्या नावाने आपोआप चालणारं काही आहे का, तेही पाहिलं. काहीच नव्हतं. जबरदस्तीने तोडणं एका कमांडचं काम, पण माझा हात होईना. शेवटी त्या रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणालो, "अप्पा, सोड आता. मी बघतो पुढचं."

टिंबं थांबली. सर्व्हर बंद झाला. मी लॉग उघडला. शेवटची ओळ — जातो.

अप्पाच्या सोर्समध्ये शोधलं, कंपाइल केलेल्या फाइलीत शोधलं. 'येतो' सापडलं. 'जातो' कुठेच नाही. मुलाला फोन लावला.

"बाबा, डिस्क खराब असेल. अक्षरं बदलतात."

"य चा ज झाला, मात्रेचा काना झाला, आणि शुद्धलेखन बरोबर राहिलं?"

तो म्हणाला, "तुम्ही जेवलात का?"

अपग्रेड विनातक्रार झालं. संध्याकाळी अप्पाच्या घरी गेलो. वहिनी भाकरी थापत होत्या. वातावरण हलकं करावं म्हणून ही गोष्ट हसत हसत सांगितली. त्यांचा हात परातीत थांबला.

"जातो म्हनले?"

"सर्व्हर म्हणाला, वहिनी."

"तेच की." तव्यावरची भाकरी करपली, त्यांनी बघितलं नाही. "दवाखान्यात नेताना बी येतोच म्हनले व्हते, भाऊजी. तवापासून मी रातच्याला दाराची कडी लावत न्हाई. लोटून घेते नुसतं. लेक लई रागावते."

त्यांनी ताट वाढलं. जेवलो. निघताना उंबऱ्यात उभा राहिलो, तर येतो म्हणावं की काय म्हणावं तेच सुचेना. नुसतं "बरं" म्हणालो आणि जिना उतरायला लागलो. अर्ध्यावर असताना वर कडी सरकल्याचा आवाज आला.

तो लॉग जपून ठेवलाय, जाणत्या लोकांना दाखवलाय. कुणी काही सांगतं, कुणी माझ्या झोपेची चौकशी करतं. मला स्वतःला विचाराल तर... अजून काही कळलेलं नाही.