चुलत्याची तिसरी बायको

"कोयता टाक खाली! चुलतीवर हात उगारतोस व्हय रं?"

चुलता गच्चीवरून असा ओरडला, की पार महाळुंग्यातल्या कंपन्यांमध्ये जेवायची सुट्टी झाली समजून माणसं उठली असतील. मी निघोज्यातल्या आमच्या अंगणात, रुईच्या झाडापुढे, कोयता घेऊन उभा. दुसऱ्या दिवशी चुलतीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. तिला परत आणताना गाडी थेट उंबऱ्याला लागावी, म्हणून आडवी येणारी रुई तोडायला निघालो होतो.

पण नात्यानं ही रुईसुद्धा माझी चुलतीच. चुलत्याच्या दोन बायका पाठोपाठ गेल्या. पुन्हा स्थळ जमलं तेव्हा म्हातारी माणसं म्हणाली, तिसरं लग्न रुईशी लाव. काय अरिष्ट असेल ते रुई घेईल, येणारी बाई चौथी ठरेल. चुलता कंपनीत लेथवर. देवबिव न मानणारा, पण भ्यायलेला. एका आठवड्यात त्यानं सुट्टीचे दोन अर्ज दिले, दोन्हींवर कारण एकच: 'स्वतःचं लग्न'. साहेबानं म्हणे दोन्ही वेळा पेढे मागितले. रुईच्या लग्नात अंतरपाट मीच धरला होता. इतकी शांत नवरी मी आजवर पाहिली नाही.

तेव्हापासून चुलता तिची पानं तोडतोय. चीक विषारी, डोळ्यात गेला तर डोळा जायचा, म्हणून हा पठ्ठ्या हेल्मेट घालून तोडतो. पानांना एरंडेल लावायचं, तव्यावर शेकायची आणि रोज संध्याकाळी चुलतीच्या गुडघ्याला बांधायची. एवढ्या पानांत एखादा लंगडा हत्ती आळंदीपर्यंत पळत गेला असता. गुडघा मात्र झिजायचा तो झिजलाच.

चुलता जिना उतरून खाली आला तेव्हा आवाज पार बसला होता. "उद्या हिला ऑपरेशनला आत नेणार, अन् आज तू तिला तोडणार? मग हिच्यावरचं अरिष्ट कोण घेईल रं?"

मी कोयता गुपचूप पडवीत नेऊन ठेवला.

चार दिवसांनी गाडी गल्लीच्या तोंडाशीच उभी केली. चुलती वॉकर टेकत टेकत अंगणात आली. चुलत्यानं पानं तोडताना घातलेलं हेल्मेट काढलंच नव्हतं; आतून रडण्याचा आवाज येत होता. "आलीस गं घरी, आलीस," तेवढंच पुन्हा पुन्हा.

चुलती रुईपाशी थांबली.

"आले. हिला पाणी घातलं न्हाई व्हय कुणी?"