नको म्हणून काढलेला आवाज

ग्रंथालयातले संगणक सांभाळणाऱ्या भाऊंना पसारा अजिबात सहन होत नसे. घरी एखादं झाकण बरणीपासून वेगळं दिसलं की ते खुशाल फेकून देत, मग बायको दिवसभर झाकण शोधत बसे. संगणकावरही तोच खाक्या. लिनक्स या संगणकप्रणालीवर सगळे प्रोग्राम एका खिडकीत मांडून दाखवणारं एक साधन असतं. नावापुढच्या चौकोनात खूण केली की प्रोग्राम येतो, खूण काढली की जातो. आज्ञा टाइप करत बसायला नको. भाऊंच्या हातात आयता झाडूच मिळाला होता.

त्या सकाळी त्यांनी कोपऱ्यातल्या संगणकावरून गाण्यांचा एक जुना प्रोग्राम काढायला घेतला. साधनाने विचारलं, याच्याबरोबर हेही जातील, चालेल? खाली बारीक अक्षरांत नावं होती. ती वाचण्याची भाऊंना सवयच नव्हती. ‘ठीक’ दाबून ते चहाला गेले.

दुपारी ग्रंथालयात रोज येणाऱ्या मावशी आल्या. टेलिफोन ऑफिसात उभा जन्म काढलेल्या, उतारवयात दृष्टी गेलेल्या. कोपऱ्यातल्या त्या संगणकात पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज होता. त्याच्या भरवशावर त्या लांब राहणाऱ्या बहिणीला रोज लिहीत. त्यांनी हेडफोन लावला, एक कळ दाबली, मग दुसरी. मग नुसत्याच बसून राहिल्या.

“भाऊ, जरा येता का? माझ्याच हातून काहीतरी बिघडलं वाटतं.”

भाऊंनी पाहिलं आणि काय झालं ते त्यांच्या लक्षात आलं. बारीक अक्षरांतल्या नावांबरोबर आवाजही गेला होता. पण शेजारचे दोन वाचक माना वर करून बघत होते, आणि भाऊंच्या तोंडून भलतंच निघालं.

“होतं असं, मावशी. कळा जरा जपून दाबत जा.”

“हो, चुकलंच माझं.”

भाऊंनी साधन उघडून आवाजाचं नाव शोधलं, खूण केली. प्रोग्राम परत येत असल्याची पट्टी पडद्यावर सरकत होती तोवर त्यांना मावशींकडे बघवेना. मावशींना आपला चेहरा दिसत नाही याचं क्षणभर बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच जास्त लाज वाटली.

आवाज आला. मावशींनी हेडफोन बाजूला ठेवला. “आज मोठ्यानेच ऐकते,” म्हणाल्या आणि लिहू लागल्या. लिहून झाल्यावर संगणकाने सगळ्या खोलीला वाचून दाखवलं.

“ताई, आज फार घाबरले. डोळ्यांमागोमाग कानही गेले असं वाटलं. पण चूक माझीच होती. भाऊ भला माणूस, रागावले नाहीत.”

भाऊ खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते.

“मावशी, ते पुसा. आवाज मी काढला होता. न वाचता. तुमच्या हातून काही झालं नव्हतं.”

वाचकांनी पुन्हा माना वर केल्या. मावशींनी शेवटच्या दोन ओळी पुसल्या, हळूहळू नवी ओळ लिहिली आणि संगणकाला वाचायला लावली.

“चूक भाऊंची होती. सांगितली त्यांनी, पण आधी मला ती माझी म्हणू दिल्यावर.”