सुप्याचं मशीन आणि माझा शब्द

सुप्याच्या कारखान्यातलं कॉम्प्युटर त्या दसऱ्यानंतर फोनला उत्तर देईना, ते माझ्यामुळे. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला एवढंच माहीत आहे की पूर्वी मी ठिबकच्या नळ्या बनवणाऱ्या एका शेठकडे कॉम्प्युटर बघायचो.

ऑफिस नगरला, कारखाना सुप्याला. दोन्हीकडे एकेक कॉम्प्युटर आणि मधे टेलिफोनची तार. सुप्याच्या मशीनवर एक बाई बसायच्या. भिंगारच्या, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या, वडील लष्कराच्या डेपोत कामाला. रोज एसटीनं येऊन-जाऊन करायच्या. कारखान्यात सगळे त्यांना ताई म्हणत, मीही म्हणायचो.

नगरहून सुप्याचं मशीन चालवायच्या आमच्या जुन्या प्रोग्रॅमला दोन्ही टोकांना माणूस लागायचा. संध्याकाळी मी फोन लावायचो, ताई उचलायच्या, "लावते" म्हणून रिसीव्हर ठेवायच्या. मग फोनच्या तारेला जोडलेल्या मोडेमचा तो चिरका आवाज, आणि त्यांचा स्क्रीन माझ्या समोर उमटायचा. दुसऱ्या दिवशी कुठल्या गाडीत काय भरायचं, ती यादी मी नगरहून त्यांच्या मशीनवर टाकायचो. ताई शेजारी बसून वाचायच्या. सोळा एमएमच्या नळ्या तयार नसल्या तर यादीखालीच टाइप करायच्या, "एवढा माल नाही, उद्या दुपारी होईल." यादी झाली की सहाच्या एसटीला पळायच्या.

पुण्याच्या एका विक्रेत्यानं मला नवा प्रोग्रॅम दाखवला. त्यात पलीकडे कोणी लागत नव्हतं. मोडेमच फोन उचलणार, मशीन आपलं आपण उघडणार. मी शेठच्या मागे लागलो. शेठनी एकच विचारलं, "म्हणजे तिकडं माणूस बसवायची गरज नाही?" मी म्हणालो, "तसं बघितलं तर नाही." त्या बोलण्यानं कोणाची खुर्ची हलते आहे, याचा विचार मी केला नाही, असं लिहिणार होतो. केला होता. पण शेठसमोर हुशार दिसायची संधी मला सोडवली नाही.

नवरात्रातच मी शेठच्या जीपमधून सुप्याला गेलो. जुना प्रोग्रॅम काढला, नवा घातला. टेबलावरचं फोनचं डबडंही काढून कपाटात टाकलं. आता मोडेमच उचलणार म्हटल्यावर ते कशाला? ताईंना ऐटीत सांगितलं, आता पाचची एसटी मिळेल तुम्हाला, यादीसाठी थांबायला नको.

ताई स्क्रीनकडे बघत होत्या. म्हणाल्या, "मशीन बंद करून परत चालू केलं, तर हे आपोआप उठतं का?"

"उठतं."

"एकदा बंद करून बघायचं का?"

खरं तर मलाच माहीत नव्हतं. पण बाहेर जीपचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आणि ज्यांना मी वर्षापूर्वी की-बोर्ड शिकवला त्यांनी मला तपासून बघायला सांगावं, हे मला झोंबलं. "ताई, मी बघितलंय सगळं," असं म्हणून मी निघालो.

खंडेनवमीला कारखाना पूर्ण बंद. प्रत्येक मशीनला हळद-कुंकू, झेंडूची माळ, पेढे. ताई बौद्ध. दरवर्षी त्या आदल्या दिवशी आपलं मशीन स्वच्छ पुसून ठेवायच्या, पूजेच्या वेळी दाराशी सगळ्यांबरोबर उभ्या राहायच्या, पेढा घ्यायच्या, कुंकू लावायच्या नाहीत. सगळ्यांना ठाऊक होतं, कोणी बोलत नव्हतं. त्या वर्षी फोरमन त्यांना म्हणाला, "ताई, आज समद्या मशिनी झोपल्यात. तुमचा ह्यो टीव्ही बी झोपवा की." आणि ताईंनी तो झोपवला, माझ्या शब्दाच्या भरवशावर. हे मला पुढे फोरमनकडूनच कळलं.

दसऱ्याची सुट्टी संपली. संध्याकाळी मी नगरहून फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, पाच-सहा वेळा लावला. ताई मशीन चालू ठेवून पाचलाच गेल्या होत्या, आणि गेल्या नसत्या तरी तिथे ऐकायला फोन कुठे होता? शेजारच्या कारखान्यात फोन करून निरोप देता आला असता. पण मग पहिल्याच आठवड्यात नवा प्रोग्रॅम बंद पडला, हे शेठना कळलं असतं. एक्स्चेंजची भानगड असेल, अशी मनाची समजूत घालून मी घरी गेलो.

सकाळी ताई यायच्या आत फोरमननं मशीनवर होती ती यादी बघून गाडी भरली. यादी नवमीच्या आधीची. संगमनेरच्या डीलरकडे भलत्याच मापाच्या नळ्या उतरल्या आणि त्याच्या दुकानापुढे ऐन पेरणीत शेतकरी ताटकळले. दुपारी शेठ मला जीपमध्ये घालून सुप्याला घेऊन गेले.

खोलीत आम्ही चौघं होतो. शेठनी मशीन कोणी बंद केलं ते विचारलं. ताई म्हणाल्या, "मी केलं. यांना आधी विचारलं होतं. परत चालू केलं की उठतं म्हणाले."

शेठनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "बंद करू नका, असं सांगून गेलो होतो मी."

फोरमन खाली बघत राहिला. ताई रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं, आणि मी मोडेमच्या लाल दिव्याकडे.

शेठ हसून म्हणाले, "पूजेला हात जोडायचे नाहीत, आणि बटन दाबायला मात्र पुढं."

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. त्या वाक्याचा मशीनशी काही संबंध नव्हता, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. मला तर सगळ्यात जास्त. शेठना माझं इतक्या पटकन का पटलं, तेही कळत होतं. ते पटणं माझ्या सोयीचं होतं, म्हणून मी गप्प राहिलो.

ताईंना त्याच दिवशी पॅकिंगला पाठवलं. त्या पर्स घेऊन खोलीबाहेर गेल्यावर मी मशीन उघडलं. चालू होताना नव्या प्रोग्रॅमला उठवणारी एक ओळ लिहायची राहिली होती. लिहिली. बंद करून चालू केलं, उठला. दोन मिनिटं लागली असतील.

महिनाभरानं त्यांनी काम सोडलं. पॅकिंगला उभं राहावं लागतं म्हणून सोडलं, असं फोरमन म्हणाला. शेठनी माझा पगार वाढवला.

दोनेक वर्षांनी भिंगारच्या बाजारात त्या समोरून आल्या. टाळता आलं नाही. घरच्यांची विचारपूस झाली. एका शाळेच्या ऑफिसात लागले, म्हणाल्या. मग विचारलं, "तो प्रोग्रॅम नीट चालतो ना आता?" टोमणा होता की खरंच विचारत होत्या, मला आजही ठरवता येत नाही. मी म्हणालो, "चालतो." त्या "बरं" म्हणाल्या आणि भाजी बघायला लागल्या. चूक माझी होती, एवढं न म्हणायला तिथे गर्दीचं निमित्तही नव्हतं.

शेठ आता थकलेत, पण बोललेलं कळतं. ताई भिंगारलाच असतात, घर मला माहीत आहे. खोटं मी चौघांत बोललो होतो. त्यामुळे ताईंकडे एकट्यानं जाऊन माफी मागणं पुरेसं नाही. ताई विचारत होत्या ते बरोबर होतं, मी तपासलं नव्हतं आणि मी खोटं बोललो, हे मला शेठसमोर, ताईंच्या देखत सांगायचं आहे. ते अजून बाकी आहे.