तारेवरून आलेलं पुण्य

फौजेतली माझी शेवटची पोस्टिंग बडोद्याला, घोड्यांच्या लाइन्सवर, म्हणजे फौजी तबेल्यावर झाली. मी दफेदार, म्हणजे घोडदळातला हवालदार. सकाळी मालिश, चारा-पाणी, मग कॅडेट्सचं आणि आसपासच्या मुलांचं रायडिंग. नवं पोर पहिल्यांदा बसायचं ते रेवावर. इतकी शांत घोडी मी नोकरीत दुसरी पाहिली नाही. पोर घसरलं की ती जागच्या जागी थांबायची.

चरायच्या मैदानाला लागून एक सोसायटी होती आणि तिच्या आवारात महादेवाचं देऊळ. श्रावणात तिथलं निर्माल्य कुंपणाच्या तारेवरून आमच्या गवतात पडायचं. पिवळी कण्हेर, धोत्रा, त्यातच केळी, पेढे, आंबलेलं दूध. यातली फुलं घोड्याला मारतात, हे मी हात जोडून सांगितलं. मराठीत, गुजरातीत बोर्ड लावला. दुसऱ्या दिवशी त्याच बोर्डाच्या खिळ्याला निर्माल्याची पिशवी लटकवलेली! शिसारी आली मला.

सोसायटीचे चेअरमन आपलेच मराठी काका.

"केम छो, दफेदारसाहेब! देवाची फुलं कचऱ्यात नाखायची का? जनावराच्या मुखी गेली तर पुण्यच ने!"

घोडे सोडण्याआधी आम्ही रोज मैदान वेचून काढायचो. त्या सोमवारी मात्र घोडे चरत असतानाच कोणीतरी टोपली उपडी केली. दुपारी तीनला वॉकीटॉकीवर माझ्या हाताखालच्या सवार राठोडचा आवाज आला.

"उस्ताद, रेवा घामाने भिजलीय. पोटाकडे लाथा मारतेय."

"तोंडात काय आहे?"

"पिवळी फुलं."

आमचे व्हेटर्नरी कॅप्टन धावत आले. नाकातून नळी घातली, कोळशाचं औषध सोडलं. छातीला स्टेथोस्कोप लावून म्हणाले, "ठोके चुकतायत." राठोडने तिचं डोकं मांडीवर घेतलं. अंधार पडायच्या आत ती गेली. ओठाला हाराचा दोरा चिकटला होता, तो मी काढला.

सकाळी आम्ही खड्डा बुजवत होतो. काका तारेपाशी आले, चपला काढून हात जोडले.

"श्रावणी सोमवारी गेली. भाग्यवान घोडी. मोक्ष मिळाला."

शिवी तोंडाशी आली होती. अंगावर युनिफॉर्म होता म्हणून गिळली. काकांचा नातू रोज रेवावर बसायचा. राठोडने फावडं खाली ठेवलं.

"काका, नातवाला सांगितलं?"

"नाही रे. रडेल बिचारा."

"सांगा. आजोबांनी पुण्य केलं म्हणून सांगा."

काका चपला हातात घेऊनच निघून गेले. आम्ही सावधान उभे राहिलो आणि रेवाला सॅल्यूट केला.

रिटायर होऊन मी बडोद्यातच राहिलो. श्रावणात महादेवाला जातो, पण रिकाम्या हाताने. रेवाचं नाव घेतो आणि परत येतो.